गोल्फ क्लबचं डिपॉझिट, तीस वर्षांपूर्वीची पावती आणि तिसऱ्याच माणसाची जमीन

चिनोकर

मंडळी, प्रश्न माझा नाही, शेजारच्या काकांचा आहे. काका मूळचे सांगलीचे, १९८१ पासून दक्षिण कॅलिफोर्नियात. विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होते, आता वय ८१. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे चहाला गेलो तर त्यांनी बटर कुकीजचा निळा डबा पुढे सरकवला. मला वाटलं बिस्किटं. आत कागद निघाले.

सगळ्यात वर एका गोल्फ क्लबची पावती. ऑक्टोबर १९९४, १८,००० डॉलर, 'इनिशिएशन डिपॉझिट'. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलंय की सभासद म्हणून स्वीकारल्याच्या तारखेपासून ३० वर्षांनी ही रक्कम बिनव्याजी परत मिळेल. काकांनी सरळ हिशोब केला, ऑक्टोबर २०२४. त्या महिन्यात क्लबला पत्र टाकलं, मग आठवणपत्रं. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं. एक, पावतीवर जिचं नाव आहे ती कंपनी आता हा क्लब चालवत नाही. दोन, आमच्या नोंदीनुसार तुमची मुदत अजून भरलेली नाही.

काका म्हणाले, "अरे, देणं यांचं नाहीच म्हणतात, तर मुदतीची पंचाईत कशाला करतात?"

चौकशी केल्यावर आणखी एक कळलं. क्लबची जमीन क्लबची कधीच नव्हती. मालक वेगळा, पूर्वी चालवणारी कंपनी वेगळी, आता चालवणारी वेगळी. तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे कुणी सीए, वकील आहेत का? क्लबचं नाव देत नाही, विचारूही नका.

खतावणी

खराडीत बसून आठ वर्षं अमेरिकन कंपन्यांच्या लीजची कोष्टकं भरतोय, त्यामुळे राहवत नाही. आधीच सांगतो, हा सल्ला नाही, गप्पा आहेत.

ही ३० वर्षांची भानगड काकांच्या क्लबपुरती नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच खाजगी कंट्री क्लबांनी एके काळी अशीच प्रवेश-ठेव घेतली. कारण उघड आहे. फी म्हणून घेतली की उत्पन्न झालं, त्यावर कर आला. परत देण्याच्या बोलीवर घेतली की ते कर्ज, आणि कर्ज ३० वर्षं बिनव्याजी! वापरायला पैसा आज मिळतो आणि फेडायची पाळी येईल तेव्हा सही करणारा मॅनेजर निवृत्त झालेला असतो.

ताळेबंदात ते कसं दिसतं बघा. काकांचे १८,००० डॉलर ३० वर्षांनी द्यायचे. वर्षाला ८ टक्के व्याज धरून मागे आणले तर ठेव घेतली त्या दिवसाची किंमत सुमारे १,७८९ डॉलर भरते. म्हणजे ठेव घेतली तेव्हा देणं म्हणून पुस्तकात जेमतेम एवढाच आकडा धरला असणार. पुढे दरवर्षी थोडं थोडं व्याज चढवत ३० वर्षांनी पुन्हा १८,०००. शेअर बाजारात नोंदलेल्या ड्राइव्ह शॅक कंपनीच्या वार्षिक अहवालात 'मेंबरशिप डिपॉझिट लायबिलिटी' नावाची अशीच ओळ असायची, अटही हीच, स्वीकारल्यापासून ३० वर्षं. (काकांचा क्लब त्यांचा आहे असं मी म्हणत नाहीये.)

आता चालवणारे का बदलतात. अमेरिकन गोल्फ नावाची मोठी कंपनी होती, डेव्हिड प्राइस यांची. त्यांनीच १९९३ मध्ये नॅशनल गोल्फ प्रॉपर्टीज ही जमिनी धरून ठेवणारी कंपनी बाजारात आणली. एक कंपनी मैदानांची मालक, दुसरी भाडेकरू, आणि दोन्हींचा सूत्रधार एकच. उजव्या खिशातून डाव्या खिशात भाडं. २००१ नंतर खेळणारे घटले, भाडेकरूला भाडं झेपेना, आणि मालक कंपनीचं जवळजवळ सगळं उत्पन्न त्या एकाच भाडेकरूवर, त्यामुळे दोघीही एकदम आजारी पडल्या. २००३ मध्ये गोल्डमन सॅक्सचा फंड आणि स्टारवुड कॅपिटल यांनी दोन्ही घेतल्या. २०१३ च्या शेवटी कर्जाच्या फेरमांडणीतून तो धंदा न्यूकॅसल इन्व्हेस्टमेंटकडे गेला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यूकॅसलने स्वतःचंच नाव बदलून ड्राइव्ह शॅक केलं. १९९४ चा सभासद तिथल्या तिथेच खेळत होता. पाटी मात्र बदलत राहिली.

उंटावरचा

१९९४ मध्ये १८,००० डॉलर चेंडू मारायला घालणाऱ्याबद्दल मला सहानुभूती वाटायला हवी का? तेवढ्यात सांगलीत बंगला झाला असता.

चिनोकर

@उंटावरचा काका अख्ख्या आयुष्यात त्या मैदानावर चाळीसेक वेळा खेळले असतील. त्यांचा साहेब तिथे जायचा, बढतीची बोलणी तिथे व्हायची. काकूंचा अजूनही त्या पैशांवर राग आहे, तुमच्यापेक्षा जास्त.

वकीलीण_बाई

खतावणींनी हिशोब मांडला, मी कागद मागते. ही चार उत्तरं मिळेपर्यंत पुढचं सगळं हवेत आहे.

पावतीवर कंपनीचं पूर्ण नाव काय? मैदानाचं नाव आणि कंपनीचं नाव एक नसतं. नव्या चालकाने जुनी कंपनी विकत घेतली, की फक्त धंदा आणि सामान? कंपनीच घेतली असेल तर तिची देणीही आली. नुसत्या गाड्या, खुर्च्या, भाडेपट्टा आणि सभासदांची यादी घेतली असेल तर जुनी देणी सहसा जुन्याकडेच राहतात, कराराने वेगळं स्वीकारलं नसेल तर. तिसरं, भाडेपट्टा हस्तांतरित झाला की जुना संपून नवा झाला? आणि शेवटचं, बदल झाला तेव्हा सभासदांना पत्र आलं होतं का? अशा पत्रात "तुमच्या ठेवीची जबाबदारी आम्ही घेत आहोत" हे एक वाक्य असेल तर काम फत्ते.

आपलं देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालून ऋणको परस्पर मोकळा होत नाही, त्याला धनकोची संमती लागते. हे इथेही तसंच आणि तिथेही साधारण तसंच. काकांनी कुठल्या कागदावर सही केली होती का, तेही बघा.

मुदतीचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात लेखी कराराच्या दाव्याला चार वर्षं असतात, आणि ती मोजायची करार मोडल्यापासून, पावतीच्या तारखेपासून नव्हे. तेव्हा घाबरायचं कारण नाही, पण झोपायचंही नाही. तिथला वकील गाठा.

एडिसनकर

भाडेपट्ट्यातल्या शब्दांवरून आठवलं. न्यूयॉर्कचं फेरी पॉइंट माहीत आहे ना? ब्रॉन्क्समध्ये व्हाइटस्टोन पुलाच्या पायथ्याशी, कचराभूमीवर उभारलेलं गोल्फ मैदान. आराखडा नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉसचा, शहराने बारा कोटी डॉलरच्या वर खर्च केला, आणि चालवायला ट्रम्प ऑर्गनायझेशनला २० वर्षांसाठी दिलं. मैदान २०१५ मध्ये सुरू झालं. पहिली चार वर्षं शहराला भाडं नाही. पाचव्यापासून ३ लाख डॉलर किंवा विक्रीच्या ७ टक्के, यातलं जे जास्त ते.

जानेवारी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद भवनावर हल्ला झाला, आठवड्याभरात महापौर डी ब्लाझिओ यांनी करार रद्द केल्याची घोषणा केली. कारण राजकीय होतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण कागदावर कारण करारातलं लागतं. पीजीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फरांच्या संघटनेने, २०२२ ची आपली अजिंक्यपद स्पर्धा ट्रम्प यांच्या न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर मैदानावरून काढून घेतली होती. शहर म्हणालं, करारात 'स्पर्धेच्या दर्जाचं' मैदान चालवायची अट आहे, आता यांच्याकडे कुठलीही मोठी स्पर्धा येणार नाही, म्हणजे अटभंग.

एप्रिल २०२२ मध्ये न्यायमूर्ती डेब्रा जेम्स यांनी शहराचं म्हणणं फेटाळलं. करारात मैदान स्पर्धेच्या दर्जाचं ठेवायचं म्हटलंय, स्पर्धा आणायची असं कुठेही म्हटलेलं नाही. झालं! सगळा खटला एका विशेषणावर फिरला.

उंटावरचा

म्हणजे 'मुलगा लग्नाच्या लायकीचा आहे' आणि 'मुलाचं लग्न झालंय' यातला फरक.

एडिसनकर

@उंटावरचा पहिल्यांदाच कामाचं बोललात.

वकीलीण_बाई

फेरी पॉइंटचा खरा मुद्दा अजून आलाच नाही. तो करार 'लीज' नाहीच, 'लायसन्स' आहे. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक उद्यानाची जमीन राज्याच्या विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय भाडेपट्ट्याने देता येत नाही, म्हणून शहर परवाना देतं आणि तो केव्हाही काढून घेता येतो अशी अट ठेवतं. १९६४ चा एक गाजलेला निकाल आहे, तोही गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजचाच, म्हणजे नुसते फटके मारायचा सराव करायच्या जागेचा! कागदावर नाव परवान्याचं होतं, पण शहराला तो मनाप्रमाणे मोडता येत नव्हता. कोर्ट म्हणालं, हा वेषांतर केलेला भाडेपट्टाच.

आपल्याकडे १९५९ च्या असोसिएटेड हॉटेल्स खटल्यापासून हेच चाललंय. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते नंतर, आत ताबा कोणाचा आणि कसा दिलाय ते आधी. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर अख्खी मुंबई-पुणे राहते, त्यामुळे इथे कुणाला फोड करून सांगायला नको.

मग शहराने केव्हाही मोडायचा हक्क सरळ का वापरला नाही? कारण तसं मोडलं तर चालकाने घातलेल्या भांडवलाची भरपाई द्यावी लागते. ट्रम्प ऑर्गनायझेशन तो आकडा ३ कोटी डॉलरच्या वर सांगत होती. अटभंग सिद्ध झाला असता तर ही भरपाई वाचली असती. म्हणून त्या विशेषणाचा एवढा कीस पाडला.

सातरस्ता

करार संपल्यावर काय होतं हे बघायचं असेल तर ब्रॉन्क्सला कशाला जाता, महालक्ष्मीला या. गोल्फ नाही, घोडे, पण गोष्ट तीच. रेसकोर्सचा १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. नवा व्हायला २०२४ उजाडलं. जमीन काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. अकरा वर्षं पट्टा नाही आणि शर्यती मात्र चालू. शेवटी २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी सुटले आणि ९१ एकर ३० वर्षांच्या नव्या पट्ट्याने क्लबकडे राहिले.

मी तिथे रोज सकाळी फिरायला जातो. त्या अकरा वर्षांत "संपला ना पट्टा, मग हे कसे काय अजून?" हा प्रश्न बाकावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याने मला विचारलाय. जणू मीच टर्फ क्लबचा सचिव.

खतावणी

@एडिसनकर ते "३ लाख किंवा ७ टक्के, जास्त ते" लिहिलंत ना, त्यावर माझ्या धंद्याची निम्मी भाकरी आहे.

गावाकडच्या भाषेत सांगतो. जमीन खंडाने दिली तर पीक येवो न येवो, ठरलेला खंड द्यायचा. बटईने दिली तर पिकाचा वाटा. गोल्फची भाडी बहुतेक वेळा दोन्हींची खिचडी असतात, किमान खंड आणि वर बटई. २०१९ पासून अमेरिकेत नवा लीज नियम आला, आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ हा तसाच हिशोबाचा नियम. त्याआधी यातली बरीचशी भाडी ताळेबंदाच्या बाहेर, टिपांमध्ये लपून बसायची. आता वर्षाला ५ लाख डॉलर खंड, २० वर्षं शिल्लक आणि ८ टक्के दर धरला तर सुमारे ४९ लाख डॉलरचं देणं सरळ ताळेबंदावर येतं. पण बटईचा भाग त्यात धरत नाहीत, कारण विक्री किती होईल कुणास ठाऊक. म्हणून दोन मैदानं सारखंच भाडं देत असली तरी एकाच्या डोक्यावर पुस्तकात डोंगर दिसतो आणि दुसऱ्याच्या टेकाड. मला हा नियम अर्धवट वाटतो. बँकवाले मित्र म्हणतात, पूर्वीपेक्षा बरा.

आणि धंदा बुडाला तर? फॅमिली गोल्फ सेंटर्स नावाची ड्रायव्हिंग रेंजवाली कंपनी मे २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. शंभरावर केंद्रं धडाधड घेतलेली. तिथल्या कायद्यात दिवाळखोर भाडेकरूला नको असलेला पट्टा झटकता येतो, आणि मालकाच्या पुढच्या भाड्याच्या दाव्याला टोपी बसते, एक वर्षाचं भाडं किंवा उरलेल्याच्या १५ टक्के यातलं जास्त ते, पण तीन वर्षांच्या वर नाही. मालकाला निदान एवढं तरी मागता येतं. ठेववाले सभासद साध्या धनकोंच्या रांगेत उभे, हातात पावती.

माळरान

बाकीचे कागद वाचतात, मी गवत वाचतो. पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर ग्रीनकीपरच्या, म्हणजे गवत राखणाऱ्याच्या, हाताखाली सहा वर्षं काढली.

पट्ट्याची शेवटची तीन-चार वर्षं आली की मैदान आपोआप सांगतं. आधी बंकरमधली, म्हणजे खेळात अडथळा म्हणून ठेवलेल्या खड्ड्यांमधली, नवी वाळू बंद होते. मग ग्रीनला, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, भोकं पाडून हवा खेळवायचं काम वर्षातून दोनदाचं एकदा होतं. तिसऱ्या वर्षी पाइपलाइन फुटली की बदलत नाहीत, रबर गुंडाळतात. करारात "चांगल्या स्थितीत परत करणे" असतंच, पण चांगली स्थिती म्हणजे गवत किती मिलिमीटर, मुळं किती खोल, हे लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. मालकाचा माणूस यायचा, हिरवं दिसलं की खूश. वरून हिरवं सगळंच दिसतं हो. बोट खुपसून बघितलं तर खाली दोन इंचांवर काळी सडकी गादी.

शिवाय डिझेलची टाकी, कीटकनाशकांचं गोदाम, खतांची धुणावळ. पट्टा संपताना ती साफ कोणी करायची हे आधी लिहून घ्यावं. नंतर कोणीच करत नाही.

सातरस्ता

आणि चेंडू? काचा फुटल्या तर कोण देतं? जमिनीचा मालक की चालवणारा?

खतावणी

आधी पट्टा बघायचा. चालवणाऱ्याने मालकाला सगळ्या दाव्यांपासून सांभाळायचं हे कलम त्यात बहुधा असतंच. पण एक प्रकरण सांगतो, आमच्या ऑफिसात नव्या पोरांना संभाव्य देण्यांचा नियम शिकवताना मी हेच वापरतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या किंग्स्टनचा इंडियन पाँड कंट्री क्लब. पंधराव्या होलला लागून एका कुटुंबाने घर घेतलं. खिडक्या फुटल्या, भिंतीला खळगे पडले, त्यांनी चेंडू गोळा केले तर सहाशेच्या वर भरले. डिसेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने क्लबविरुद्ध निकाल दिला, व्याजासकट ४९ लाख डॉलर! क्लबच्या सीएची त्या रात्रीची झोप डोळ्यांपुढे आणा. वर्षभराने, डिसेंबर २०२२ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. घराच्या मूळ कागदपत्रांतच मैदानाच्या 'वाजवी वापराची' मुभा होती आणि चेंडू येणं त्यात बसतं का, हे ज्यूरीला नीट सांगितलंच गेलं नव्हतं.

नियम काय म्हणतो? दावा हरण्याची शक्यता दाट असेल आणि आकडा अंदाजता येत असेल तर खर्च आत्ताच धरा. दाट नसेल पण नाकारताही येत नसेल तर टीप लिहा. अगदी धूसर असेल तर सहसा गप्प बसा. आता सांगा, ज्यूरीच्या निकालानंतर आणि अपिलाच्या आधी तुम्ही काय धरलं असतं? पोरं दरवेळी भांडतात. मी चहा पीत बसतो.

एडिसनकर

फेरी पॉइंटचं शेपूट राहिलं. खटला जिंकल्यावर ट्रम्प ऑर्गनायझेशनने २०२३ मध्ये तो करार बॅलीज या कॅसिनो कंपनीला ६ कोटी डॉलरला विकला, आणि वर बोली अशी की तिथे कॅसिनोचा परवाना मिळाला तर आणखी ११.५ कोटी. गेल्या डिसेंबरात, २०२५ मध्ये, राज्याने बॅलीजला परवाना दिला. ज्या कागदावरून शहर यांना हाकलायला निघालं होतं, त्याची किंमत अशी चढली. जमीन आजही शहराचीच.

चिनोकर

मंडळी, खबर आहे.

वकीलीण बाईंची चार प्रश्नांची यादी मी छापून काकांना दिली. काकांनी डब्यातले सगळे कागद जेवणाच्या टेबलावर तारखेनुसार मांडले, काकूंना त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून जेवावं लागलं. तळाशी २०११ चं एक पत्र सापडलं, नव्या चालकाचं. तीन परिच्छेद नव्या रेस्टॉरंटबद्दल. चौथ्यात एक वाक्य की विद्यमान सभासदांच्या प्रवेश-ठेवींची मूळ अटींनुसार परतफेड आमच्याकडून होईल. काकांनी ते तेव्हा वाचलंही नव्हतं, त्यांना मेन्यूत शाकाहारी काही आहे का एवढंच बघायचं होतं.

म्हणजे "देणं आमचं नाही" हा मुद्दा मोडीत निघाला असं इथला वकील म्हणतो.

पण दुसरा मुद्दा क्लबचा बरोबर आहे. पैसे १९९४ मध्ये भरले तेव्हा काका प्रतीक्षायादीवर होते. 'सभासद म्हणून स्वीकारत आहोत' हे पत्र वेगळं आहे, त्यावर तारीख १४ मार्च १९९६. म्हणजे मुदत भरते ती येत्या मार्चमध्ये.

वकीलीण_बाई

उत्तम. २०११ च्या पत्राची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, क्लबलाही नाही. आणि १४ मार्चला शनिवार आहे. मागणीपत्र सोमवारी १६ ला पोचपावतीने जाऊ द्या.

उंटावरचा

काकांना सांगा, पैसे आले की काकूंच्या नावावर ठेवा.

चिनोकर

@उंटावरचा काकूंनी आधीच सांगून ठेवलंय. पत्रावर पोचपावतीचा पत्ता त्यांच्या नावे टाकायचा आहे, आणि निळा डबा आता त्यांच्या कपाटात आहे.